पगार अडकला, हप्त्याची तारीख मात्र अडकत नाही

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला ४३ दिवसांचा शटडाउन संपला पण त्याबद्दलची तुमची पत्रं काही थांबेनात, म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नव्या वाचकांसाठी दोन ओळीत सांगते. अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तोपर्यंत काँग्रेसने खर्चाची बिलं पास केली नाहीत आणि तात्पुरती मुदतवाढही दिली नाही तर ज्या खात्यांचे पैसे मंजूर झालेले नाहीत त्यांना कायद्यानेच खर्च करता येत नाही, मग तिथले काही लोक बिनपगारी घरी बसतात, त्याला फर्लो म्हणतात, आणि काहींना एक्सेप्टेड ठरवून बिनपगारी कामावर बोलावतात. २०२५ ला अंदाजे १४ लाख लोक यात सापडले, साधारण निम्मे घरी आणि निम्मे कामावर. आणि हे सगळे काही वॉशिंग्टन डीसीत राहत नाहीत, फेडरल नोकरांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक त्या भागाच्या बाहेरच आहेत.

मी वकील नाही आणि टॅक्सची जाणकारही नाही. पण २०१८-१९ चा ३५ दिवसांचा शटडाउन आमच्या घराने काढलाय, घरात तेव्हा एकच पगार होता आणि तो फेडरल होता.

प्रश्न: ताई, माझा नवरा एका फेडरल संशोधन संस्थेत आहे, मी पार्ट टाइम करते, मुलगी दीड वर्षाची आहे आणि डेकेअरला जाते. यावेळी आमचं एक अर्धवट आणि दोन पूर्ण पेचेक अडकले. मॉर्गेज म्हणजे घराच्या कर्जाचा हप्ता चुकायला नको म्हणून मी क्रेडिट कार्डावरून कॅश काढून भरलं. आता बॅकपे म्हणजे अडकलेला पगार आला तरी ते कार्ड अजून फिटत नाहीये. नातेवाईक म्हणतात पैसे मिळाले ना सगळे मग रडता कशाला. पुढच्या वेळी आधी काय भरायचं आणि काय थांबवायचं?
एक वाचक, जर्मनटाउन, मेरीलँड

उत्तर: आधी त्या 'रडता कशाला'चं बोलू, कारण ते ऐकून मलाही फार त्रास व्हायचा. पगार शेवटी मिळतो हे खरंच आहे, पण घर वर्षाच्या बेरजेवर चालत नाही ना, ते तारखांवर चालतं, एक तारखेला मॉर्गेज, पाचला डेकेअर, बाराला कार्ड, आणि शटडाउनमध्ये नेमक्या त्या तारखांना खात्यात पैसे नसतात. २०१३ चा शटडाउन १६ दिवसांचाच होता, त्यावर काही अर्थतज्ज्ञांनी पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या एका ॲपमधल्या व्यवहारांवरून अभ्यास केला, त्यात असं दिसलं की मधल्या फळीतल्या फेडरल नोकराकडे पगाराच्या आदल्या दिवशी हाताशी असलेली रक्कम जेमतेम ८ दिवसांच्या खर्चाची होती. चांगली नोकरी, चांगला पगार, आणि तरी आठ दिवस. त्यामुळे तुमचं काहीतरी जगावेगळं चुकलं असं अजिबात मनात आणू नका.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते. त्या लोकांनी अडचण काढली कशी, तर मॉर्गेजचा हप्ता काही दिवस मागे ढकलून आणि कार्डाचं बिल उशिरा भरून, आणि पगार आल्यावर लगेच ते चुकतं करून. म्हणजे तुम्ही जे वाचवायला धडपडलात ते मॉर्गेजच खरं तर सगळ्यात स्वस्तात लांबवता येत होतं. बहुतेक मॉर्गेजला १५ दिवसांची सवलत असते, एक तारखेचा हप्ता सोळापर्यंत भरला तर लेट फी लागत नाही, आणि क्रेडिट रिपोर्टवर उशीर लागतो तो ३० दिवस उलटून गेल्यावर. उलट कार्डावरून कॅश काढली की वेगळी फी लागते, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं आणि त्याचा दरही बहुधा नेहमीच्या खरेदीपेक्षा जास्त असतो. तेव्हा बॅकपेमधलं जे काही शिल्लक असेल ते आधी त्या कॅश ॲडव्हान्सवर घाला, बाकी सगळं नंतर.

पुढच्या वेळी शटडाउन सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच, हप्ता चुकायच्या आधी, मॉर्गेज कंपनीला फोन करा. आधी आणि नंतर यात फार फरक पडतो, हप्ता चुकल्यावर फोन केला की तुम्ही थकबाकीदार असता, आधी केला की मदत मागणारे गिऱ्हाईक. फोरबेअरन्स म्हणजे हप्ते काही काळ थांबवायची सवलत आहे का विचारा, आणि त्याच फोनवर हेही विचारा की थांबवलेले हप्ते परत कसे द्यायचे, एकदम सगळे, थोडे थोडे करून की कर्जाच्या शेवटी जोडून. हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग तीन महिन्यांनी एकदम तीन हप्त्यांची मागणी आली की हादरतात. लोन एफएचए, फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या घरकर्जांना पाठबळ देणाऱ्या संस्थांकडे असेल तर अशा वेळी काय करायचं याच्या सूचना कंपनीकडे असतात. ओपीएमने म्हणजे फेडरल नोकरांच्या कार्मिक खात्याने सावकारांना आणि घरमालकांना पाठवायच्या पत्रांचे नमुने दिलेले आहेत, ते पत्र आणि फर्लोची नोटीस दोन्ही जोडा. कोणाशी बोललात, किती वाजता आणि तो काय म्हणाला हे एका वहीत लिहून ठेवा.

आता ऑटोपेबद्दल, म्हणजे खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या बिलांबद्दल, कारण आमची सगळ्यात महाग चूक तीच होती. ११ जानेवारी २०१९ ला नवऱ्याचं पे स्टेटमेंट शून्य डॉलरचं आलं, आम्ही दोघं कितीतरी वेळ त्याकडे बघत बसलो होतो, आणि त्या गडबडीत ऑटोपे बंद करायचं राहून गेलं, मग एकाच दिवशी मॉर्गेज, गाडीचा हप्ता आणि कार्ड असे तिन्ही आमच्या खात्यावर येऊन आदळले आणि आमच्या बँकेने प्रत्येकाची वेगळी ओव्हरड्राफ्ट फी लावली. मी फोन केला, शटडाउन सांगितला, तर त्यातल्या दोन परत मिळाल्या, पण त्यासाठी पाऊण तास रडवेल्या आवाजात बोलत बसावं लागलं. तुम्ही पहिल्या दिवशी सगळे ऑटोपे उघडून बसा, बंद करा किंवा कार्डाला फक्त मिनिमम पेमेंटवर ठेवा.

डेकेअरला तर मी कधीच गप्प राहून पैसे थांबवणार नाही, जागा गेली तर परत मिळायला महिने लागतात. तिथे संचालिकेशी समोरासमोर बोला, दिवस कमी करून जागा राखता येते का, अर्धी फी आता आणि अर्धी नंतर चालेल का. वॉशिंग्टनच्या आसपासच्या डेकेअरवाल्यांनी हे पूर्वी पाहिलेलं आहे.

आणि एक काम शटडाउन नसताना करायचं आहे. नेव्ही फेडरलसारख्या काही क्रेडिट युनियन शटडाउनमध्ये शून्य टक्क्याने पगाराएवढं कर्ज देतात, पण पगाराचं डायरेक्ट डिपॉझिट आधीपासून त्यांच्याकडे असावं लागतं, शटडाउन लागल्यावर खातं उघडायला धावलात तर उपयोग होत नाही. दुसरं म्हणजे तुमच्या घरी दर दोन आठवड्यांनी एक असे वर्षाला २६ पेचेक येतात, म्हणजे वर्षात दोन महिने असे येतात की तीन पेचेक मिळतात. घरखर्च दोन पेचेकवर बसवलेला असेल तर ते तिसरं पूर्ण बाजूला टाका. असे दोन झाले की २०२५ ला तुमचे जेवढे पूर्ण पेचेक अडकले तेवढे हाताशी राहतात. एका वर्षात जमलं नाही तर दोन वर्षं घ्या.

प्रश्न: शटडाउनमध्ये हेल्थ इन्शुरन्स बंद होतो का? माझं डायबेटिसचं औषध महिन्याला लागतं.
एक वाचक, अटलांटा

उत्तर: नाही, अजिबात घाबरू नका आणि औषध तर मुळीच थांबवू नका. फेडरल हेल्थ इन्शुरन्स पगार नसतानाही चालू राहतो, तुमच्या वाट्याचा प्रीमियम साठत जातो आणि पगार सुरू झाला की त्यातून कापतात, त्यामुळे पहिलं पेचेक अपेक्षेपेक्षा लहान दिसलं तर चूक समजू नका. लाइफ इन्शुरन्सही चालू राहतो. डेंटल आणि व्हिजनचं जरा वेगळं आहे, दोन पगार चुकले की तिथून थेट घरी बिल येऊ शकतं, ते आलं तर भरा. औषधपाण्यासाठी पगारातून पैसे बाजूला टाकतात त्या फ्लेक्स खात्यातून मिळणारी परतफेड मात्र पगार चालू होईपर्यंत अडकू शकते, म्हणून मोठी खरेदी त्या भरवशावर करू नका.

प्रश्न: ताई, मी विमानतळावर टीएसएमध्ये म्हणजे सुरक्षा तपासणीत आहे. ४३ दिवस एक दिवसही न चुकता कामाला गेले. शेजारीण फर्लोवर होती, ती घरी बसून अनएम्प्लॉयमेंट म्हणजे बेकारी भत्ता घेत होती आणि मला सांगितलं तू पात्र नाहीस. हा कुठला न्याय? आणि रात्री राइडशेअरची गाडी चालवली तर चालतं का?
एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: तुमचा राग मला पूर्णपणे पटतो. पूर्ण वेळ कामावर असणाऱ्याला राज्यं सहसा बेकार धरत नाहीत, पगार मिळत नसला तरी, त्यामुळे एक्सेप्टेड लोकांना अनएम्प्लॉयमेंट बहुतेक मिळत नाही. आणि खर्च तुमचाच जास्त. फर्लोवाल्याचं निदान पेट्रोल वाचतं, मूल घरी ठेवता येतं, तुम्हाला मात्र रोज गाडी काढायची, टोल भरायचा, पाळणाघर चालू ठेवायचं आणि हे सगळं न आलेल्या पगारातून. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत सगळ्यात जास्त अन्याय तुमच्यावर होतो आणि बातम्यांमध्ये मात्र तुमची आठवण रांगा लांबल्या की होते. २५ जानेवारी २०१९ ला एअर ट्रॅफिक कंट्रोलर कमी पडले म्हणून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं थोपवून धरावी लागली आणि त्याच दिवशी ३५ दिवसांचा शटडाउन मिटवायचं ठरलं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्येही एफएएने म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायला लावली, त्यानंतर थोड्याच दिवसात तोडगा निघाला.

आता शेजारणीचं, तिला मिळालेले पैसे तिचे नाहीत. बॅकपे मिळाला की त्याच आठवड्यांचे ते पैसे राज्याला परत करावे लागतात, म्हणजे ते उसनेच. उदाहरणार्थ मेरीलँडात तेव्हा आठवड्याला जास्तीत जास्त ४३० डॉलर मिळत होते, त्यातून टॅक्स आणि परतफेडीची कटकट. मिळाले तर घ्यावेत, पण वेगळ्या खात्यात ठेवून गरजेपुरतेच वापरावेत असं मी सगळ्या फर्लोवाल्यांना सांगेन. त्याच मेरीलँडने बिनपगारी कामावर जाणाऱ्या आपल्या रहिवाशांना ७०० डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं होतं. तुमच्या राज्याने काही केलंय का हे राज्याच्या लेबर खात्याला फोन करून विचारा.

राइडशेअर चालवता येतं पण आधी तुमच्या खात्याच्या एथिक्स अधिकाऱ्याला विचारा, शटडाउन असला तरी तुम्ही फेडरल नोकरच असता आणि काही खात्यात बाहेरच्या कामाला आधी लेखी परवानगी लागते. एक ईमेल टाका, उत्तर जपून ठेवा. आणि झोपेचा हिशेब करा हो. २०२५ ला कितीतरी कंट्रोलर शिफ्ट संपल्यावर डिलिव्हरीची कामं करत होते, ज्यांच्या डोळ्यांवर विमानं अवलंबून आहेत त्यांनी रात्री बारापर्यंत जेवणाचे डबे पोचवायचे हे मला आजही सहन होत नाही. २०१९ च्या कायद्याने एक सोय केलीय, शटडाउनमध्ये एक्सेप्टेड माणसाला आपली साठलेली रजा घेता येते, पैसे नंतर मिळतात पण ती गैरहजेरी धरत नाहीत. मूल आजारी असेल किंवा तुम्हीच थकला असाल तर ती मागा.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की विमानतळावर धान्याचं टेबल लावलं होतं आणि तुम्ही युनिफॉर्मवर तिथे जायला लाजलात. जायचं होतं. जानेवारी २०१९ मध्ये शेफ होसे आंद्रेस यांच्या वर्ल्ड सेंट्रल किचनने व्हाइट हाउस आणि कॅपिटलच्या मधल्या पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यूवर फेडरल नोकरांसाठी फुकट जेवण सुरू केलं होतं, थंडीत बाहेर रांग असायची, आयडी कार्ड दाखवायचं आणि गरम जेवण घ्यायचं. आम्ही दोनदा गेलो. पहिल्या दिवशी नवरा कार्ड कोटाच्या आत ठेवून उभा होता, पुढे एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, त्या मागे वळून म्हणाल्या की मी २८ वर्षं सरकारी नोकरी केलीय, आज सूप फार छान आहे. तेवढ्याने त्याने कार्ड बाहेर काढलं. त्याच महिन्यात तेव्हाचे कॉमर्स सेक्रेटरी विल्बर रॉस टीव्हीवर म्हणाले होते की लोक फूड बँकेत का जातायत हे समजत नाही, कर्ज काढावं. त्यांच्या स्वतःच्या खात्यातले हजारो लोक तेव्हा बिनपगारी होते. फूड बँकेत जाऊन तुम्ही महिन्याचे दोनशे डॉलर वाचवलेत तर ते दोनशे डॉलर कार्डावर जात नाहीत, एवढा सरळ हिशेब आहे तो.

प्रश्न: मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, एका सरकारी खात्याचं सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या कंपनीत. शटडाउन लागल्यावर कंपनीने आधी माझी पगारी रजा (पीटीओ) संपवली आणि नंतर तीन आठवडे पगारच दिला नाही. बॅकपे काँट्रॅक्टरला मिळतो का?
एक वाचक, ॲशबर्न, व्हर्जिनिया

उत्तर: दुर्दैवाने नाही. २०१९ चा बॅकपेचा कायदा फक्त फेडरल कर्मचाऱ्यांसाठी आहे, काँट्रॅक्टरच्या लोकांना तो लागू नाही. २०१९ नंतर त्यांच्यासाठीही बिलं मांडली गेली पण पास झाली नाहीत. म्हणून वर मी जे तारखा ढकला म्हणून सांगितलं ते तुम्हाला तसंच लागू पडत नाही. फेडरल माणसाचे पैसे उशिरा येतात, काँट्रॅक्टरचे गेलेले असतात. त्याने हप्ता पुढे ढकलावा, तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून खर्चच कमी करायला घ्यावा, कारण ढकललेलं भरायला नंतर काही वेगळं येणार नाही. कँटीनमध्ये, सफाईत, सिक्युरिटीत काम करणारे कमी पगाराचे काँट्रॅक्ट कामगार यात सगळ्यात जास्त भरडले जातात आणि त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती तुमच्या कंपनीने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. एच-१बी वरच्या माणसाला काम नाही म्हणून बिनपगारी बसवता येत नाही. क्लायंटने काम थांबवलं तरी तुमचा पगार, एलसीएमध्ये म्हणजे कंपनीने व्हिसासाठी लेबर डिपार्टमेंटला दिलेल्या अर्जात लिहिलेला, देणं ही मालकाची जबाबदारी आहे, याला लोक बेंचिंग म्हणतात आणि त्याला नियमाने मनाई आहे. तुम्ही स्वतःच्या कारणासाठी स्वतःहून रजा मागितली तर गोष्ट वेगळी, म्हणून एचआर तुम्हाला 'मी स्वेच्छेने बिनपगारी रजा घेत आहे' असं काही लिहून सही करायला सांगत असेल तर थांबा, सही करू नका, आधी स्वतःचा इमिग्रेशन वकील गाठा, कंपनीचा नको. पे स्टब, ईमेल, काम थांबवल्याचा निरोप सगळं घरच्या कॉम्प्युटरवर जपून ठेवा. तक्रार लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर विभागाकडे करता येते आणि तिला मुदत असते, तेव्हा वर्षभर घालवू नका. पे स्टबमधली भोकं पुढच्या व्हिसाच्या कामातही विचारली जातात, म्हणून हा प्रश्न तीन आठवड्यांच्या पगाराहून मोठा आहे.

नोकरी बदलायचा विचार असेल तर एवढं लक्षात असू द्या की ऑक्टोबर २०२५ मध्ये लेबर डिपार्टमेंटचं एलसीएचं कामच ठप्प होतं, त्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकत नाही. आणि कंपनीने काढूनच टाकलं तर जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. तुमच्यासारख्याने जवळ ठेवायची शिल्लक फेडरल शेजाऱ्यापेक्षा जास्त हवी असं मला वाटतं, निदान तीन महिन्यांचं भाडं आणि वकिलाची फी.

प्रश्न: टीएसपी म्हणजे फेडरल नोकरांच्या निवृत्ती बचत खात्यातून पैसे काढू का? वय ४१. आणि बॅकपेची खात्री तरी किती, ऑक्टोबरात तर वेगळंच ऐकू येत होतं.
एक वाचक, डेन्व्हर

उत्तर: दुसरं आधी. जानेवारी २०१९ मध्ये सही झालेला कायदा सांगतो की फर्लोवाले असोत की एक्सेप्टेड, शटडाउन संपल्यावर शक्य तितक्या लवकर सगळ्यांना बुडालेला पगार द्यायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हाइट हाउसच्या बजेट ऑफिसचा एक मसुदा मेमो बाहेर आला, त्यात फर्लोवाल्यांना हा पगार आपोआप मिळत नाही असा अर्थ लावला होता, आणि त्याच महिन्यात हजारो लोकांना नोकरीवरून कमी केल्याच्या नोटिसाही गेल्या. १२ नोव्हेंबरला शटडाउन मिटवणाऱ्या कायद्यात बॅकपे स्पष्ट लिहिला गेला आणि त्या नोटिसाही मागे घ्यायला लावल्या. पण ते सहा आठवडे लोक पैसे कधी येतील याबरोबर येतील की नाही याचीही काळजी करत होते, आणि त्या काळजीने माणूस घाईचे निर्णय घेतो. टीएसपी मोडणं हा तसाच निर्णय.

टीएसपीमध्ये दोन वेगळे दरवाजे आहेत. हार्डशिप विड्रॉवल म्हणजे पैसे कायमचे बाहेर, त्यावर इन्कम टॅक्स, साडेएकोणसाठच्या आत असल्याने वर १० टक्के दंड, आणि ते परत भरता येत नाहीत. चार पाच आठवड्यांच्या अडचणीसाठी मी हे कधीच करणार नाही. लोन म्हणजे स्वतःच्याच खात्यातून उसने, व्याजही आपल्याच खात्यात जातं, साध्या लोनला ५० डॉलर फी आहे. शटडाउन थोडे दिवसांचा असेल असं धरून फर्लोवर असतानाही लोनचा अर्ज करता येतो असं टीएसपीने मागच्या खेपांना सांगितलं होतं. आधीचं लोन चालू असेल आणि हप्ता पगारातून कापला जात नसेल तर शटडाउनमुळे ते डिफॉल्टमध्ये जात नाही, व्याज मात्र चालू राहतं. तुमच्या जागी मी असते तर आधी क्रेडिट युनियनचं शून्य टक्के कर्ज, मग मॉर्गेजची सवलत, मग टीएसपी लोन, या क्रमाने गेले असते, आणि विड्रॉवलचं पान उघडलंच नसतं.

सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणजे गोपनीय कामाची परवानगी आहे असंही तुम्ही लिहिलंय. थकबाकीने क्लिअरन्स जाईल ही भीती खूप जणांना असते. पैशाच्या अडचणी तपासतात हे खरं, पण अडचण आपल्या हाताबाहेरच्या कारणाने आली आणि माणूस जबाबदारीने वागला हे तिथे बाजूने धरतात. म्हणून ती वही, ते फोन, ती पत्रं.

प्रश्न: मी वर्षभरापूर्वी कायमची मुलाकडे राहायला आले, सून आणि दोन नातवंडं आहेत. शटडाउनमध्ये मुलगा दिवसभर बेसमेंटमध्ये लॅपटॉप घेऊन बसायचा, जेवायलाही वर येत नसे. माझ्याजवळ ९००० डॉलर आहेत, मी देते म्हटलं तर चिडला, म्हणाला आई तू यात पडू नकोस. आता सगळं ठीक आहे पण पुन्हा झालं तर मी काय करू?
एक आजी, कोलंबिया, मेरीलँड

उत्तर: काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझा नवरा बेसमेंटमध्ये नाही, गॅरेजमध्ये बसायचा. फर्लोवर असताना ऑफिसचं काम करायचं नसतं, ऑफिसचा लॅपटॉप आणि फोन हातात घ्यायचीही मनाई असते, वीस वर्षं रोज सकाळी निघणाऱ्या माणसाला अचानक सांगितलं जातं की तुझी आज गरज नाही, आणि त्याच वेळी खाली हप्ते साठत असतात, त्यात आईसमोर हात पसरायचा म्हणजे त्याला आपण हरलो असं वाटत असणार. चिडला तो तुमच्यावर चिडलेला नाही.

पैशाचा कायदेशीर भाग सोपा आहे. आईने मुलाला दिलेली भेट त्याचं उत्पन्न धरत नाहीत, त्यावर त्याला टॅक्स नाही. देणाऱ्यासाठी २०२५ ला एका माणसाला वर्षात १९००० डॉलरपर्यंत काही फॉर्मही भरावा लागत नव्हता, तुमचे ९००० त्याच्या खूप आत आहेत. पण सगळे देऊ नका. तुमचं औषधपाणी, एखादं अचानक आलेलं तिकीट, यासाठी निम्मे तरी तुमच्याच नावावर राहू द्या, ते मुलालाही नंतर बरं वाटेल.

आणि 'माझ्याकडे ९००० आहेत ते घे' असं म्हणू नका. एवढा आकडा ऐकला की त्याला आपली अडचण तेवढी मोठी दिसते. सुनेशी आधी बोला, तिला विचारा की या महिन्यातलं कुठलं एक बिल सगळ्यात जड जातंय. समजा विजेचं आहे. मग जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर नाही, त्याला खाली चहा नेऊन द्या आणि म्हणा की या घरात मीही राहते, या महिन्याचं विजेचं बिल मी भरलंय. भरते नाही, भरलंय. पुढच्या महिन्यात दुसरं. आमच्याकडे माझ्या सासूबाईंनी नेमकं हेच केलं होतं, गाडीच्या इन्शुरन्सची पावती फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि बॅकपे आल्यावर नवऱ्याने ते पैसे त्यांना परत द्यायला पाकीट काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, राहू दे, पुढच्या शटडाउनला लागतील.